‘अजून जमतंय’ म्हणत किती दिवस काढायचे?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ५४ वर्षांचे आहेत, आई ८१ वर्षांची. ३ वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू अधू झाली. गेल्या दीड वर्षात स्मृतिभ्रंशाचीही भर पडली. वडील जाण्याआधी यांनी त्यांना शब्द दिला होता, की आईला परक्यांच्या हाती सोपवणार नाही. नोकरी सोडून ते एकटेच तिचं सगळं करतात. बहीण दूर राहते. ती रोज फोन करते, पण चोरीच्या भीतीने घरात मदतीला माणूस ठेवायला तिचा ठाम विरोध आहे. आई रात्री तीन-चारदा उठते. आंघोळीच्या वेळी ओरडते, ढकलते. अशाच एका झटापटीत यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळानिळा डाग दिसला. ते विचारतात, “अजून जमतंय मला. पण जमेनासं झालं हे ओळखायचं कसं? आणि तेव्हा बाहेरची मदत घेतली, तर मी शब्द मोडला असं होईल का?”

तुमच्या पत्रात औषधांच्या वेळा आहेत, डॉक्टरांच्या भेटी आहेत, बहिणीशी झालेलं बोलणं आहे. मनगटावरच्या डागाची मात्र एकच ओळ आहे आणि तीही अगदी शेवटी, जणू लिहू की नको असं करत लिहिलेली. मी सुरुवात तिथूनच करते.

पक्षाघातानंतर अनेकांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषधं चालू असतात आणि या वयात त्वचाही नाजूक झालेली असते. त्यामुळे जरा दाब पडला तरी डाग उमटतो. डाग केवढा आहे त्यावरून स्वतःला शिक्षा देत बसू नका. पण तो विसरूनही जाऊ नका. आईच्या डॉक्टरांना दाखवा आणि कसा झाला ते खरं सांगा. तुमच्या मनात नसताना तुमचा हात आवळला गेला, हे तुमचं तुम्हालाच कळलं आहे. कधी ओळखायचं, असं तुम्ही विचारता. ती वेळ आलेली आहे. दीड वर्ष सलग झोप न मिळालेला माणूस कितीही मायाळू असला, तरी त्याच्या हातावरचा त्याचा ताबा सुटू शकतो. यात तुमच्या स्वभावाचा दोष मला दिसत नाही.

‘अजून जमतंय’ या मोजमापाबद्दल मला शंका आहे. तुम्ही मोजता आहात ती तुमची सोसण्याची ताकद. रोज थोडं थोडं वाढत गेलेलं ओझं माणसाला वाढलेलं कळत नाही. कालच्यापेक्षा आज फार वेगळं वाटत नाही, एवढंच त्याला दिसतं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आईला हात धरून चालवत होता. आज तिला उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं आणि रात्री पुन्हा पुन्हा उठून बघणं चाललं आहे. हे तेच काम वाढलेलं नाही. हे वेगळंच काम आहे आणि ते एका माणसाचं नाही. रुग्णालयात याच कामाला पाळ्या असतात. रात्रीची परिचारिका सकाळी घरी जाऊन झोपते.

शरीर मात्र मोजत असतं. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या आणि प्रत्येकीच्या हातावर अगदी छोटी, सारखीच जखम केली. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. पुढे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये ४ वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. त्याच अभ्यासात, काळजी घेत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणजे सेवा करणं घातक नाही, उसंत न मिळता ती एकट्याने ओढत राहणं घातक आहे. रक्तदाबाची गोळी ‘अधूनमधून राहून जाते’ असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून हे सांगते आहे. उद्या तुम्ही आडवे झालात तर आईचं कोण करणार, याचं उत्तर तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता आंघोळ. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या घरातला सगळ्यात मोठा झगडा तिथे आहे, आणि माझ्या मते मार्गही तिथूनच निघेल.

आईचं ओरडणं तुम्ही पूर्ण आजाराच्या खात्यावर टाकलं आहे. मला तिथे तीन शक्यता दिसतात. पहिली, वेदना. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा दुखणं फार सर्रास आढळतं, आणि कपडे काढताना नेमका तोच हात वर ओढला जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘खांदा दुखतोय’ असं सांगता येत नाही, तो ढकलतो. म्हणून कपडे काढताना चांगल्या हातापासून सुरुवात करा, अधू हात शेवटी. घालताना उलट, अधू हात आधी. अधू हाताला धरून तिला कधीही ओढू नका. दुसरी शक्यता, भीती. डोक्यावरून अचानक पडणारं पाणी, निसरडी फरशी, उभं राहताना जाणारा तोल. बसायला पक्की खुर्ची ठेवा, भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. पाणी आधी पायावर घ्या, मग वर या. तिच्या मांडीवर एक टॉवेल राहू द्या आणि आता काय करणार आहात ते प्रत्येक वेळी आधी सांगा. आणि रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असं नाही. काही दिवस चेहरा, काखा, जांघा आणि पावलं ओल्या कपड्याने नीट पुसून कोरडी केली, तरी पुरतं.

तिसरी शक्यता तुम्हाला ऐकायला जड जाईल. ती लाजत असेल. तुम्ही तिचा मुलगा आहात. घटना आणि नावं विसरली, तरी लाज जात नाही. ती खूप उशिरापर्यंत टिकते. कधी तुम्ही कोण हे तिला ओळखता येत नसेल, तेव्हा एक अनोळखी पुरुष आपले कपडे काढतोय एवढंच तिला समजत असेल. आणि ओळखता येत असेल, तेव्हा मुलापुढे असं बसावं लागतंय हे तिला सोसत नसेल. दोन्ही वेळी तिचा विरोध मला अगदी समजण्यासारखा वाटतो. मग जरा विचार करा. या एका कामासाठी, हे काम शिकलेली, हळुवार हाताची बाई आली, तर ती आईला परकी वाटेल की सोयीची? बाहेरची मदत म्हणजे आईला सहन करावी लागणारी गोष्ट, हे तुम्ही धरून चाललात. तिला त्यातून सुटकाही मिळू शकते.

वडिलांना दिलेल्या शब्दाकडेही मी याच नजरेने बघते. त्यांना भीती कशाची होती? आपल्यामागे हिला कुणी विचारणार नाही, कुठेतरी नेऊन टाकतील, तिची हेळसांड होईल, याची. त्यांनी शब्द घेतला तेव्हा आई चालत होती, बोलत होती. आजची स्थिती त्यांनी पाहिलेली नव्हती, तुम्हीही नव्हती. आईला अंतर द्यायचं नाही, हा त्या शब्दाचा गाभा आहे, आणि तो तुम्ही पाळलाय. तिला आंघोळ घालायला सकाळी दीड तास एक बाई आली आणि त्या वेळात तुम्ही झोपलात, तर त्यातलं काय मोडतं? उलट तुमचा संयम संपून तिच्या अंगावर डाग उठू लागले, तर त्यांना जी भीती होती तीच खरी होईल. हे मी टोचून बोलायला लिहीत नाही. शब्द पाळायचा म्हणून मदत टाळणं हे इथे उलट्या दिशेने जातंय, हे तुम्हाला दिसावं म्हणून लिहिते.

तुमच्यासारख्या इतरांसाठीही, कुठे थांबून हिशोब मांडायचा ते सांगते. १९६३ साली सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या सहा गोष्टींची एक मोजपट्टी मांडली. आंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून खुर्चीत जाणं-येणं, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने खाणं. साधारणपणे आंघोळ आधी अवघड होते आणि खाणं शेवटपर्यंत टिकतं. यातल्या किती गोष्टींत आपल्या माणसाला दुसऱ्याचा हात लागतो, हे कागदावर लिहून बघा. दोन-तीनच्या पुढे गेलात, तर तो एका माणसाने एकट्याने उरकायचा भाग राहिलेला नाही, असं मी समजते. तुमच्या आईच्या बाबतीत, पत्रावरून मोजलं तर पाच होतात.

काही खुणा मात्र मोजत बसायच्या नसतात, दिसल्या की हालचाल करायची. रुग्ण पडणं, किंवा पडता पडता वाचणं. माकडहाड, टाच, नितंब इथे लालसर डाग, जो दाबला तरी फिका होत नाही. ती झोपून झालेल्या जखमेची सुरुवात असते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. वजन उतरणं. पाणी पिताना ठसका लागणं किंवा जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणं. पक्षाघातानंतर ही गिळण्याची अडचण असू शकते, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि त्यासाठी गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ लागतात. शेगडी चालू राहणं, रात्री दार उघडून बाहेर जाणं, औषध दोनदा दिलं जाणं. आणि एकाएकी, एक-दोन दिवसांत गोंधळ फार वाढला तर तो स्मृतिभ्रंश वाढला असं समजून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, अशी कारणं असतात. तेव्हा मदतनीस नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर.

उचलण्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या कंबरदुखीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे. रुग्णाला हाताने उचलताना एका माणसावर साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये, अशी शिफारस रुग्णालयातल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि तीही सगळी परिस्थिती अनुकूल असताना. तुम्ही दिवसातून किती वेळा आईचं निम्मं वजन पेलता ते आठवून बघा. फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून पलंगावरून खुर्चीत कसं न्यायचं ते शिकून घ्या. कमरेला बांधायचा रुंद पट्टा, उंच केलेलं कमोडचं आसन एवढ्यानेही फार फरक पडतो. हे शिकणं म्हणजेसुद्धा बाहेरची मदतच आहे, आणि ती घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या खुणा. तिने हाक मारली की आधी राग येणं. तिच्याशी फक्त सूचनांचंच बोलणं उरणं. कुणी ‘कसा आहेस’ विचारलं तर डोळे भरून येणं, किंवा काहीच न वाटणं. ‘हे सगळं एकदाचं संपावं’ असा विचार जवळजवळ प्रत्येक काळजी घेणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतो. तो आला म्हणून तुम्ही वाईट मुलगा ठरत नाही. पण तो रोज येऊ लागला, किंवा स्वतःला अथवा आईला इजा करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. झॅरिट यांची २२ प्रश्नांची ताण मोजणारी एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की ती माझ्यासाठी भरायची आहे. आजवर तिथे बोलणं फक्त आईबद्दल झालं असेल.

आता कोणती मदत? तुम्ही पत्रात ‘एकतर मी, नाहीतर संस्था’ असे दोनच पर्याय धरले आहेत. मधे बरंच काही आहे. रोज दोन तासांची मदतनीस. आठवड्यातून दोन रात्री थांबणारी व्यक्ती. दिवसभर सांभाळणारं डे केअर केंद्र. काही दिवसांसाठी रुग्णाला ठेवून घेणारी संस्था, म्हणजे घरच्यांना श्वास घेता येतो. जखमेची पट्टी, नळी, इंजेक्शन असेल तर प्रशिक्षित परिचारिका. तुमच्यासाठी मी रात्रीपासून सुरुवात केली असती. झोप मिळाली की बाकीचे निर्णय तुम्ही शांतपणे घ्याल. आठवड्यातून दोन रात्री, आणि सकाळची आंघोळ. बाकी सगळं तुमच्याकडेच राहू द्या. दरम्यान आई रात्री का उठते तेही डॉक्टरांना विचारा. लघवीचं औषध संध्याकाळी दिलं जातंय का, बद्धकोष्ठता आहे का, कुठे दुखतंय का, दुपारी फार झोप होते का. कधी कधी एका गोळीची वेळ बदलली तरी दोन खेपा कमी होतात.

माणूस ठेवताना एक आठवडा आधी काय काय, किती वाजता करावं लागतं ते लिहून काढा. हा कागद नव्या व्यक्तीला लागेल, आणि बहिणीलाही. ओळखीची कागदपत्रं पाहा, आधीच्या दोन घरांशी बोला. कामं, वेळ, सुट्टी, मोबदला हे लिहून ठरवा. सुट्टी न देता कुणाला राबवाल तर तिचाही हात तुमच्यासारखाच एक दिवस आवळेल. दागिने, बँकेची कागदपत्रं कुलपात ठेवा. हा अविश्वास नव्हे, यामुळे उद्या काही सापडेनासं झालं तर त्या व्यक्तीवर उगाच आळ येत नाही. पहिले काही दिवस तिने फक्त आईजवळ बसावं, केस विंचरावेत, बोलावं. आंघोळ नंतर. तिला सांगा आईला कुठल्या नावाने हाक आवडते, कुठला खांदा दुखतो, कशाने ती हसते. आंघोळीच्या वेळी तुम्ही घरात असा, पण मोरीत नको. आई पहिल्या दिवसांत ‘ही कोण?’ म्हणून चिडेल. तेवढ्यावरून ‘तिला चालत नाही’ असं ठरवू नका. दोन-तीन आठवडे द्या. मात्र ती त्या व्यक्तीला पाहून दचकत असेल, आक्रसून घेत असेल, अंगावर कारण न सांगता येणाऱ्या खुणा दिसत असतील, तर एक दिवसही थांबू नका.

ताईंशी बोलताना ‘मला मदत करशील का’ असं विचारू नका, त्याला ‘बघू’ हे उत्तर येतं. त्यांना घरी बोलवा आणि दोन दिवस, दोन रात्री आईला त्यांच्यावर सोपवून तुम्ही दुसरीकडे राहा. फोनवर ऐकलेली रात्र आणि स्वतः जागलेली रात्र यात फार अंतर असतं. त्यांची चोरीची भीती खोटी नाही, तिची व्यवस्था वर सांगितली आहे. दुरून होण्यासारखी कामं नेमकी त्यांच्याकडे द्या: मदतनीसाच्या पगारातला ठरलेला वाटा, औषधं मागवणं, डॉक्टरांच्या वेळा, हिशोब. आणि वर्षातून दोनदा त्यांनी येऊन राहायचं, तारखा आत्ताच ठरवून. त्या तरीही ‘बाहेरचं माणूस नको’ म्हणाल्या, तर शांतपणे विचारा की मग त्या वेळात कोण असेल. प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याचं मत या बाबतीत शेवटचं असावं, असं मला स्पष्ट वाटतं.

संस्थेचं दार मी बंद करायला सांगणार नाही. दोन माणसं लागल्याशिवाय आईला हलवता येईना, रात्रंदिवस वैद्यकीय देखरेख लागली, घरातल्या मदतीनंतरही ती सुरक्षित राहीना, तर चांगल्या संस्थेत ठेवून रोज भेटायला जाणं हा प्रामाणिक निर्णय असतो. ती वेळ धावपळीत येऊ नये म्हणून आत्ताच दोन जागा पाहून ठेवा. न कळवता, जेवणाच्या वेळी जा. रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी असतात ते विचारा. तिथल्या रुग्णांची नखं, तोंडं, कपडे पाहा, वास घ्या, हाक मारल्यावर कुणी किती वेळात येतं ते बघा. माहितीपत्रकापेक्षा यातून जास्त कळतं.

या आठवड्यात एवढंच करा: डॉक्टरांची वेळ घ्या, आईची आणि तुमचीही. एका रात्रीची सोय करा, मग ती ओळखीतल्या कुणाची का असेना. आणि मदतनीस मिळेपर्यंत आंघोळीत आई ढकलू लागली, तर पाणी बंद करा, तिला टॉवेल गुंडाळा, ती सुरक्षित बसली आहे ना ते पाहा आणि दाराशी उभं राहून हळू दहा श्वास घ्या. ती शांत झाली तर पुढे जा, नाही तर आजची आंघोळ राहू द्या.